बाळंतिणीसाठी ऑलिव्हच्या वड्या

साबणाच्या तुकड्याला वडी म्हणायची पद्धत ज्या कुणी पाडली, त्याला एकदा आमच्या घरी जेवायला बोलवायचं आहे. पानात आधी नारळाची वडी वाढीन, मग साबणाची, आणि म्हणेन, आता ओळखा. गेल्या वर्षी माझी लेक बाळंतपणासाठी माहेरी, कर्नाटकातल्या आमच्या हुलसूरला आली, तेव्हापासून या शब्दाचा मला इतका वैताग आलाय की दुकानात गेले तरी मी ‘साबणाची एक बट्टी द्या’ म्हणते.

लेकीचं सासर कलबुर्गीचं. माणसं आमच्यासारखीच, गळ्यात लिंग बांधणारी. फरक एवढाच की आम्ही घरात मराठी आणि दुकानात कन्नड बोलतो, ते घरात कन्नड आणि आमच्याशी मराठी. त्या घरात शब्द चालतो तो लेकीच्या मोठ्या नणंदेचा. तिनं लग्न केलं नाही, शाळेत शिकवते, धाकट्या भावाला तिनंच शिकवून मोठं केलं. त्यामुळे तिची आईसुद्धा तिला विचारून भाजी चिरते. माझी लेक तिला अक्का म्हणते आणि तिच्यासमोर खाली मान घालते. लग्नाआधी हीच लेक माझ्याशी एका शब्दाला चार शब्द भांडायची.

तर या अक्कांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की बाजारातल्या साबणात जनावराची चरबी असते. झालं. पूजेआधीची अंघोळ चरबीच्या साबणानं कशी करायची, हा प्रश्न त्यांना पडला. प्रश्न वाईट होता असं मी म्हणत नाही. काही साबणांत असतेच चरबी. पण त्याचं उत्तर म्हणून त्यांनी मोबाईलवर बघून बघून ऑलिव्हच्या तेलाचा साबण घरीच करायला घेतला, आणि पहिल्याच घाण्यातल्या वड्या बाळंतिणीसाठी आणि भाचीसाठी आमच्याकडे धाडल्या.

फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळवण उचलत होते. फोन घेतला माझ्या मावशीनं. मावशी राजेश्वर गावची. आमच्या घरातली बाळंतपणं तीच करते. कान शाबूत आहेत, पण ऐकते तिला हवं ते. मी खाली आले तर ती खुशीत होती.

“आगं, तुझ्या लेकीच्या नणंदेचा फोन आलता. बाळंतिणीसाठी आळिवाच्या वड्या पाठिवल्यात म्हनं. बसनं यायल्यात.”

आता यात मावशीला दोष तरी कसा द्यावा? बाळंतिणीला अळीव द्यायचा हे आम्हाला ठाऊक, त्यांनाही ठाऊक. कन्नडमध्येसुद्धा त्याला अळवीच म्हणतात. पलीकडून अक्का कन्नड वळणानं ‘आलिव्ह’ म्हणाल्या असणार, पुढं ‘वडी’ लावली, त्याच्या पुढं ‘बाळंतिणीसाठी’. एवढं ऐकल्यावर साबण कुणाच्या मनात येईल? अक्का साधं ‘जैतून’ म्हणाल्या असत्या तर घरातल्या पोराटोरांनाही कळलं असतं. आमच्या बाजारात जैतूनचं तेल निजामाच्या काळापासून मिळतं, म्हातारे गुडघ्यांना चोळतात. पण शिकलेल्या माणसाला जैतून म्हणायची लाज वाटते, तो ऑलिव्ह म्हणतो.

यजमान दुकानाचा माल आणायला बसवकल्याणला गेले होते, ते येताना कंडक्टरकडून डबा घेऊन आले. आत बटर पेपरात गुंडाळलेल्या पिवळट हिरव्या चौकोनी वड्या. वास म्हणाल तर जवळजवळ नाहीच. मावशीनं त्या लाडवांच्या डब्याशेजारी फडताळात ठेवल्या आणि फडताळाला कडी लावली. कडी कुणासाठी हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. बाळंतिणीचं खाणं चोरून खायची आमच्या यजमानांना जुनी खोड आहे. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू मी नावाला खाल्ले, बाकी सगळे त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात आले आणि माझी पाठ वळली तेवढ्यात अर्धी वडी तोंडात टाकली. मी वळून बघितलं तर चावायलेत.

“तूप कमी पडलंय,” म्हणाले. मग जरा थांबून, “कडसर हाय. मेथी घातली आसंल.”

मी म्हटलं, आवडत नाही तर टाका थुंकून. तर म्हणतात कसे, सोयऱ्यांनी पाठवलेलं टाकू नये. आणि गिळलं! वरून चहाचा घोट घेतला. त्यानंतर मात्र चेहरा बदलला. नळाकडे धावले, चूळ भरली आणि तोंडातून फेस आला. मावशी देवाचं नाव घ्यायला लागली, मी ओरडायला लागले, लेक खोलीतून ‘काय झालं, काय झालं’ करायला लागली आणि बाळ रडायला लागलं. तोंड निवल्यावर बघितलं तर जीभ लालभडक, ओठाच्या आतलं साल निघालेलं. मी म्हटलं, दवाखान्यात चला. नको म्हणाले.

“मानसं इचारतील. काय सांगू, साबण खाल्लो म्हनून?”

पुढचे काही दिवस ते दहीभात खाऊन होते. एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं तर मी आज हसत हसत सांगितलं असतं. पण आमच्या घरात एखादी गोष्ट मिटत नाही, ती वळण घेते.

फेसावरून साबण आहे हे कळल्यावर यजमानांनी त्या सोललेल्या जिभेनं अक्कांना फोन लावला. मला वाटलं, आता खरं सांगतील. तर म्हणाले, “लई ब्येस हाय बगा साबन. एक नंबर.” पलीकडून अक्कांचा आवाज इतका खुलला की मला इथपर्यंत ऐकू आला. बाळाला रोज लावा म्हणाल्या, खास तिच्यासाठीच केलाय, चरबी नाही, वासाचं काही नाही, सगळं शुद्ध. फोन ठेवल्यावर मी विचारलं, खोटं कामून बोललात? तर म्हणे, पोरीचं सासर हाय, सोयऱ्याचं मन कशाला मोडायचं.

मग माझी नात तो साबण लावून न्हायला लागली.

मी नको म्हटलं होतं, हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मलाच बोल लागले. मी म्हटलं, ज्या साबणानं तुमची जीभ सोलली तो त्या एवढ्याशा जीवाला लावायचा? यजमानांचं उत्तर तयार होतं. “खायाचा न्हवता म्हनून भाजलं. ही लावायची वस्तू हाय. आन शुद्ध तेलाची हाय, नैसर्गिक हाय. काय व्हत न्हाई.”

हे बोलणारा माणूस दिवसभर शेतकऱ्यांना फवारणीची औषधं विकतो. प्रत्येकाला सांगतो, हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं मारू नका. त्यात कडुनिंबाचंसुद्धा औषध असतं. मी म्हटलं, तेही नैसर्गिकच आहे, डोळ्यांत घालून बघता का? धोतराही नैसर्गिकच असतो. चुना शुद्धच असतो. तर त्यांनी रेडिओ लावला. शुद्ध हा शब्द आमच्या घरात एकदा कुणी उच्चारला की त्यापुढे बोलणारा नास्तिक ठरतो.

मावशी पाय पसरून बसायची, नातीला पायांवर पालथं घ्यायची, तेल जिरवायची आणि मग साबण. अंघोळीला नळाचं नाही, बोअरचं पाणी, आणि ते असं जड की डाळसुद्धा शिजायला रडते. त्या पाण्यात या साबणाला फेस येईना. नुसता पांढरा चिकट थर यायचा, अंगावर आणि पितळी घंगाळावरही. फेस येत नाही म्हणून मावशी आणखी घासायची. मी म्हणायची, पुरे. ती म्हणायची, मळ निघायला पाहिजे. जन्माला येऊन पंधरवडाही न झालेल्या, घराबाहेर पाऊल न टाकलेल्या पोरीच्या अंगावर मळ येणार कुठून, हे मला अजून कळलेलं नाही.

आधी मानेच्या वळीत लाल झालं. मग काखेत, मग गालांवर. गालाला हात लावला तर कोरडं, खवल्यांसारखं. एकदा साबण डोळ्यात गेला तर दुपारपर्यंत डोळा लाल. नात अंघोळीआधी शांत असायची आणि अंघोळ झाली की ओरडायची. त्यावर घरातल्यांची मतं ऐका. मावशी म्हणाली दृष्ट लागली. यजमान म्हणाले हवेत उष्मा वाढलाय. शेजारीण म्हणाली आईच्या दुधातून येतं. आणि फोनवरून विहीणबाई म्हणाल्या की माझ्या हातच्या वरणात लसूण जास्त पडत असणार. म्हणजे साबण सोडून जगातल्या सगळ्या वस्तू दोषी ठरल्या, आणि त्यात मीही.

उलट साबणाला मान वाढला. त्यानं मावशी दुधाचं भांडं धुवायला लागली, यजमान दाढी करायला लागले. तेलाचा साबण म्हणून कुणीतरी फरशीही पुसली. त्या फरशीवरून मी घसरून अशी बसले की आठवडाभर खुर्चीवर वाकडी बसत होते. हसायला सगळे आले, उठवायला कुणी नाही.

शेवटी मी लेकीलाच धरलं. म्हटलं, तू आई आहेस, तू सांग मावशीला, बंद कर. तिनं नातीला पदराआड घेतलं आणि माझ्याकडं न बघता बोलली.

“आई, अक्का रोज फोनवर विचारायल्यात. साबण लावला का, कसा वाटला. मी काय सांगू? पहिल्यांदाच त्या माझ्याशी एवढं बोलायल्यात.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका वडीपायी पोर मोठ्यानं रडत होती, आणि तिची आई सासरी गोड व्हायला बघत होती. मी काय काय बोलले ते इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्यानंतर मी रिक्षा बोलावली आणि दोघींना घेऊन बसवकल्याणच्या बालरोगतज्ज्ञाकडं गेले. मावशी न बोलावता बसली.

डॉक्टर तरुण होता. एका कानाला फोन, दुसऱ्या हातानं नातीचं झबलं वर करून बघत होता. कोणता साबण, विचारलं. मी सांगितलं, घरचा, ऑलिव्हचा. आणि लेक माझा हात दाबत असतानाही यजमानांच्या जिभेचं सांगून टाकलं. त्यानं फोन खाली ठेवला.

“कधी केलेला?”

“परवा परवाच केला आसंल,” मावशी म्हणाली. “ताजा ताजा पाठिवलाय.”

“तेच तर,” तो म्हणाला. “साबण तेलाचा असला तरी त्यात कॉस्टिक सोडा लागतोच. लोणच्यासारखा मुरावा लागतो. नीट मोजून केला, मुरू दिला, तर सोडा उरत नाही. हा कच्चा आहे. आणि मुरला असता तरी एवढ्या बाळाला कशाला? तेल ऑलिव्हचं असो नाहीतर सोन्याचं असो, साबण झाला की तो क्षारयुक्त. बाळाची कातडी कोरडी पाडतो, डोळ्यांना झोंबतो. कोमट पाणी पुरे.”

“नुसत्या पान्यानं?” मावशीचा आवाज असा, की जणू त्यानं नातीला उपाशी ठेवायला सांगितलं.

“व्हय, नुसत्या पाण्यानं. शी-शूची जागा तेवढी नीट धुवा. मोठ्यांनी वापरायचा तर मुरल्यावर वापरा, काही हरकत नाही.” मग त्यानं मलम लिहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “आजी, तुम्ही घरात मोठ्या. तुम्ही काय बघत होता?”

मी! घसा बसेपर्यंत घरात ओरडणारी मी! मला तिथंच बसकण मारून रडावंसं वाटलं. मावशीनं मात्र मान डोलावली, जणू तिलाही तेच विचारायचं होतं.

साबण बंद झाला. मलमानं आणि नुसत्या पाण्यानं नातीची मान हळूहळू निवली, गाल मात्र बरेच दिवस राठ राहिले. लेक फोनवर अक्कांना ‘हो, हो, छान आहे’ म्हणत राहिली. बारसं आम्ही महिन्यानंतर धरलं होतं; ते जवळ आलं तशी ती जेवेना. अक्का येणार, उरलेल्या वड्या बघणार, वापरलाच नाही म्हणून समजणार आणि एकदा का त्या घरात तिच्याबद्दल मन कलुषित झालं की झालंच, ही तिची भीती. मी म्हटलं, खरं सांग. ती म्हणाली, तुला माझ्या घरात राहायचं नाहीये.

त्यावर यजमानांनी काढलेली युक्ती ऐकून मी हात जोडले. वड्या बादलीत भिजवून झिजवायच्या, म्हणजे वापरल्यासारख्या दिसतील. मावशीनं तर त्यावर लुगडी धुवायला घेतली. ज्यानं काम करायचं नाही असं ठरलं होतं, त्या साबणाला झिजवायला अख्खं घर राबत होतं. एवढी मेहनत कुणी खरं बोलायला घेतली असती तर बारशाच्या आधीच सगळं निपटलं असतं.

बारशाला कलबुर्गीची जीप आली. ‘शरणार्थी’ म्हणून एकमेकांना नमस्कार झाले, पाय धुणं झालं, पाळण्याला फुलं लावून झाली. विहीणबाईंनी नातीला घेतलं, जावयांनी घेतलं. अक्का मात्र पाळण्यापासून चार हात लांब, खुर्चीवर ताठ. हात पदरात गुंडाळून बसल्या होत्या. पोरीला बोटसुद्धा लावलं नाही. माझं डोकं तिथंच फिरलं. म्हटलं, हिच्या साबणापायी एवढं रामायण झालं आणि हिला साधं पोरीला घ्यावंसं वाटत नाही.

नाव ठेवून झालं, पेढे वाटले, आणि जी वेळ यायची ती आली.

“साबण कसा वाटला बाळाला?” अक्कांनी विचारलं.

“लई ब्येस,” यजमान म्हणाले. “कातडी कशी मऊ झाली बगा,” मावशी म्हणाली. जावयांनीही हो म्हटलं, त्यांना तर काहीच माहीत नव्हतं. माझ्याही तोंडाशी ‘छान आहे की’ आलं होतं. पाहुणे दारात असताना तोंड आपोआप तेच बोलतं.

“मी बंद केला, अक्का.”

माझी लेक बोलली होती. बाळाला छातीशी घट्ट धरून. “तिची मान लाल झाली, गाल सोलले. डॉक्टर म्हणाले कच्चा आहे, सोडा उरलाय. मी तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं.”

विहीणबाईंनी ‘अय्यो’ म्हणून कपाळाला हात लावला. यजमान माझ्याकडं असे बघायला लागले जणू मीच तिला शिकवून ठेवलं होतं. मी अक्कांच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता हिनं एक शब्द वावगा काढला तर मी काही सोयरीक बघणार नाही.

अक्कांनी पदरातून हात बाहेर काढले. बोटांची पेरं तडकलेली, नखांच्या कडेला चिरा, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली.

“माझं बी असंच झालंय,” त्या म्हणाल्या. “रोज त्याच्यात हात घालते ना. मला वाटलं, सगळ्यास्नी चांगला लागायलाय, मग मलाच कामून असं व्हायलंय? माझ्यातच काही तर खोट हाय. शाळेतल्या बायकांना दिला, त्या बी छान म्हणाल्या. एकीनं बी सांगितलं न्हाई.”

मी मनात इतके दिवस जी वाक्यं घोळवून ठेवली होती त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं, आणि मला माझ्या घरातल्या सगळ्या गोड बोलणाऱ्या माणसांचा नव्यानं संताप आला.

“हिला घ्यायला लई मन करायलंय,” अक्का पाळण्याकडं नव्हे, लेकीच्या छातीशी असलेल्या त्या गाठोड्याकडं बघत म्हणाल्या. “पर हात बघ कसे खरबरीत. आधीच सोललंय बिचारीला. टोचंल.”

लेक उठली आणि तिनं बाळ सरळ अक्कांच्या मांडीवर ठेवलं. अक्कांनी दोन्ही हात वर धरले, कुठं लागू नयेत म्हणून. लेकीनं ते धरून खाली घेतले. नातीनं समोर आलेलं बोट, नेमकं तडकलेलं, मुठीत गच्च पकडलं.

“सोड गं, दुखायलंय,” अक्का म्हणाल्या, पण बोट काही काढून घेतलं नाही.